तेल लावणारा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मालिशीचे फायदे सांगा, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. मालवणच्या बायकांना तेलाचे महत्त्व सांगणे म्हणजे समुद्राला मीठ दाखविणे! ओल्या नारळाचा रस आटवून काढलेले आवेल घरात आल्याखेरीज आपल्याकडे बाळंतपणाची तयारी पुरी होत नसे.

वाग्भटाने रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे. अजीर्ण असताना मात्र तेल लावू नये, असेही बजावले आहे. आपल्या खोबरेलाची परीक्षा मुंबईच्या डॉक्टरांनीही घेतली. त्यांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या ज्या बाळांना खोबरेल लावले, त्यांचे वजन खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा अधिक वेगाने वाढले. तेव्हा बाजारच्या सुवासिक बाटलीला भुलण्याचे कारण नाही.

पण भगिनींनो, तेल लावणे वेगळे आणि रगडणे वेगळे. बाळाच्या नाकाकानांत तेलाचे थेंब सोडतात, ते आता बंद झालेच पाहिजे. नाकातले तेल फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. नवजात बाळाची छाती सुजरी दिसते, ती आईच्या रक्तातील संप्रेरकांमुळे. ती आपोआप बसते. दूध काढायचे म्हणून ती पिळली, तर आत पू होतो. टाळूला तेल लावा, पण बोटांनी दाबून टाळू भरू नका. नाळ गळेपर्यंत बेंबी कोरडीच ठेवा.

आता बाळंतिणीचे. अवघडलेली कंबर, पाठ, खांदे हलक्या हाताने चोळले की तिला सुखाची झोप लागते, आणि त्या दिवसांत झोपेइतके औषध दुसरे नाही. सिझेरियन झाले असेल, तर जखम भरून डॉक्टरांनी होय म्हणेपर्यंत पोटाला हात लावू नये. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर तो पाय मुळीच चोळू नये. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त. तेलाची वाटी खाली ठेवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे सारे तेल लावणाऱ्या बाईला सुनेने सांगितले, तर ‘कालचा चेडू माका शिकयता!’ असे उत्तर ठरलेले. म्हणून ते काम सासूबाईंनी अंगावर घ्यावे. बाईने नखे कापली आहेत ना, अंगठ्या काढल्या आहेत ना, हेही त्यांनीच पाहावे.