पराभवाचे धनी

१७ मार्च २००७ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे विश्वचषक स्पर्धेत बांगलादेशने भारताला पाच गडी राखून नमविले आणि इकडे रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. धोनी शून्यावर बाद झाला, हे खरे. परंतु १९१ ही धावसंख्या अवघ्या संघाची होती. सचिनच्या ७, कर्णधार द्रविडच्या १४. फलंदाजीचा क्रम कोणी ठरविला, संघ कोणी निवडला, याचा जाब प्रशिक्षक ग्रेग चॅपेल, निवड समिती आणि नियामक मंडळ यांना विचारायला हवा होता. तो विचारण्यास अभ्यास लागतो, अर्धवट भिंत पाडण्यास (आणि तिला राष्ट्रप्रेम म्हणण्यास!) लागत नाही. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला जोहान्सबर्ग येथे पाकिस्तानला पाच धावांनी हरवून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार धोनीच होता.