परराज्यातली जुनी कॅम्परव्हॅन घेताना



मे संपता संपता भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात, तर तंबूंच्या ओळीत हल्ली एखादी घरासारखी सजवलेली गाडीही उभी दिसते. आत गादी, छोटा ओटा, पंखा, पाण्याची टाकी. लेकरं खिडकीतून डोकावतात आणि परतीच्या वाटेवर विषय निघतो, आपणही अशी एक घ्यायची का? नवी परवडत नाही. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि दिल्लीची, कर्नाटकाची, गोव्याची बारा-तेरा वर्षं चाललेली टेम्पो ट्रॅव्हलर निम्म्या पैशांत दिसते. आतलं सगळं काम झालेलं, नुसती किल्ली फिरवायची.

मी परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होतो. अशी गाडी दारात आणून ठेवल्यावर मग कागद घेऊन कार्यालयात आलेली बरीच माणसं मी पाहिली. त्यांच्यातलं एक शिक्षक जोडपं अजून डोळ्यांपुढे आहे. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून त्यांनी गाडी घेतली होती. आत सुंदर लाकूडकाम होतं. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मात्र ती प्रवासी वाहतुकीची, पिवळ्या पाटीची गाडी होती. परवाना परत केलेला नव्हता आणि बँकेचा बोजाही तसाच होता. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. ती गाडी वर्षभर अंगणात उभी राहिली.

म्हणून माझं पहिलं सांगणं, आरसी बुकात जी गाडी लिहिली आहे तीच तुम्ही विकत घेता. आतली गादी आणि ओटा त्यात धरू नका. फोटो बघून भाव ठरवण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि तो नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर टाका. वाहनाचा वर्ग काय लिहिलाय, मोटर कॅरावॅन, म्हणजे कॅम्परव्हॅन, की बस? आसनं किती? पाटी पांढरी की पिवळी? नोंदणी कधीपर्यंत आहे, बोजा कुणाचा, विमा चालू आहे का, ई-चलानं किती थकलीत? हे सगळं घरबसल्या कळतं.

आता हा वर्ग का महत्त्वाचा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. असा बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. अशा मानकांनुसार कंपन्यांच्या नमुना गाड्या तपासण्याचा अधिकार नियम १२६ खाली ज्या थोड्या संस्थांना आहे, त्यांतली एक आपल्या नगरलाच आहे, वाहननगरची व्हीआरडीई. पण ती तपासणी कंपनीच्या मॉडेलची असते. गॅरेजमध्ये बनवलेली तुमची एकटी गाडी तिथून पास करून आणतो असं कुणी एजंट म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका. मंजूर मॉडेलची, आरसीवर योग्य वर्ग असलेली गाडी दोन पैसे महाग पडली तरी तीच घ्या.

दिल्लीची गाडी स्वस्त का, हेही समजून घ्या. त्या परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ती अंमलात आणायला सांगितली. पुढे २०२५ मध्ये त्यात न्यायालयाकडून काही बदलही झाले. पण या सगळ्यामुळे तिथल्या मालकाला गाडी काढून टाकायची घाई असते. गाडी वाईटच असेल असं नाही, मात्र तिच्या नोंदणीची किती वर्षं उरलीत ते मोजा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षं चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून ते १०,००० आहे. पर्यावरण कर वेगळा.

आता ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी. ही विकणाऱ्याने त्याच्या कार्यालयातून फॉर्म २८ भरून काढायची असते. बोजा असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवायचा. पिवळी पाटी असेल तर परवाना परत करून तिथेच ती खाजगीत बदलून घ्यायची. एनओसीवर कोणत्या कार्यालयासाठी हे लिहिलेलं असतं आणि आपल्या नगर जिल्ह्यात इथेच घोटाळा होतो. जिल्हा एक, पण कार्यालयं दोन. नगर, शेवगाव, कर्जत, जामखेडची गाडी एमएच १६ मध्ये येते. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहात्याची गाडी श्रीरामपूरला, एमएच १७ मध्ये. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी हे क्रमांक तेच आहेत. तुमच्या आधार कार्डावरचा पत्ता ज्या कार्यालयात बसतो, त्याचंच नाव एनओसीवर हवं. नाहीतर कागद पुन्हा दिल्लीला.

एक गैरसमज १२ महिन्यांचा. परराज्यातली गाडी वर्षभर बिनघोर चालते, असं लोक मला छातीठोक सांगतात. कलम ४७ मधले ते १२ महिने नवा क्रमांक घेण्यासाठी आहेत. गाडी तुम्ही विकत घेतली असेल तर कलम ५० लागतं आणि खरेदीपासून ३० दिवसांत ती नावावर करण्यासाठी तुमच्या कार्यालयाला कळवावं लागतं. फॉर्म २९ आणि ३० वर सही करतानाच विकणाऱ्याकडून सगळं पूर्ण करून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा, ६ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी कुणालाही विकलेली असो. मग तोच घाई करतो. दलालाकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचं अधिकारपत्र लागतं, ते बघायला मागा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही.

एनओसी आली की इथे फॉर्म २७ भरून नवा क्रमांक मागायचा. निरीक्षक गाडी बघतो, चेसिसचा ठसा जुळवतो. महाराष्ट्राचा कर गाडीचा वर्ग, इंधन, मूळ किंमत आणि वय यांवर ठरतो, म्हणून पहिल्या खरेदीचं बिल मागून ठेवा. कराचा अंदाज भाव ठरवण्याआधी काढा. पुष्कळांची स्वस्त गाडी इथेच महाग होते.

गाडी बघायला जाताना मेकॅनिक सोबत न्या आणि सकाळी थंड इंजिन चालू करून बघा. पाण्याच्या टाकीखालचा पत्रा, खिडक्यांच्या कडा आणि चेसिस टॉर्चने तपासा, कारण घरासारख्या गाडीत ओल मुरते आणि लाकडामागे गंज झाकला जातो. वायरिंगला हात लावून बघा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत बसवला असेल तर तो उतरवूनच घ्या. मग टाकी भरून गाडी एखाद्या वजनकाट्यावर चढवा. आपल्या जिल्ह्यात ऊस कारखान्यांमुळे काट्यांना तोटा नाही. आरसीत लिहिलेल्या वजनापेक्षा काटा जास्त दाखवत असेल, तर घाटाच्या उतारावर ब्रेक तापतील. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे गाडी सजवणारे विसरतात.

पैसे कधी द्यायचे? टोकन फार तर थोडं, तेही लेखी पावती घेऊन. मोठी रक्कम एनओसी हातात आल्यावर, बँकेतून. रोख देऊ नका, आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ किंवा घेऊ नका.

आज-उद्या तुम्हाला कुणी गाडीचा फोटो पाठवून टोकन मागितलं, तर त्याच्याकडे आधी आरसीचा फोटो मागा. तो घेऊन नगरला किंवा श्रीरामपूरला परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर जा आणि ही गाडी इथे नोंदता येईल का, कर किती पडेल, एवढं विचारा. हे विचारायला पैसे पडत नाहीत.