आठवड्याचा जमाखर्च



दर रविवारी आपण इथे भेटतो. चपला काढता काढता एकमेकांना विचारतो, "काय, कसं काय?" उत्तर ठरलेले, "चाललंय!" या 'चाललंय'मध्ये सात दिवसांचे काय काय दडलेले असते ते कोणी सांगत नाही, आणि कोणी खोदून विचारीतही नाही. म्हणून गेल्या नोव्हेंबरातील आमच्या घरच्या एका साध्या आठवड्याचा जमाखर्च आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. मोठे व्याख्यान देण्याइतकी आमची तयारी नाही.

सोमवारी आईला घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी गेलो. वडील रेल्वेत खलाशी होते. त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि ते चालू राहावे म्हणून आपण जिवंत आहोत हे तिला दर नोव्हेंबरात सिद्ध करावे लागते. यंत्रावर दहाही बोटे टेकवून झाली, एकही ठसा जुळेना. चाळीस वर्षे लोकांची भांडी घासून बोटांच्या रेषाच झिजल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "नंतर या." अर्धी रजा गेली. त्याच दुपारी नवा सिलिंडर दारात येऊन परत गेला, कारण ओटीपी आलेला मोबाईल आमच्या खिशात आणि आम्ही रांगेत!

मंगळवारी पोळ्या अर्ध्यावर असताना गॅस संपला. शेजारच्या वहिनींनी न मागता आपला भरलेला सिलिंडर सरकवून दिला. "चौदा किलो दोनशे ग्रॅम मोजून परत घेईन हं," असे म्हणून हसल्या. हे जमेला.

बुधवारी लोकल खोळंबली, कामावर लेट मार्क लागला. गुरुवारी वहिनींची कॉलेजात शिकणारी मुलगी घरी आली. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण'मध्ये २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हे तिने सांगितले. आईला उजेडात बसवून म्हणाली, "आजी, डोळ्यांची उघडझाप करा." आई म्हणाली, "मिटले नि तेवढ्यात मला मेली समजलं तर?" सगळे घर हसले. दाखला मिळाला.

शुक्रवारी मुलाला गणितात वीसपैकी नऊ गुण पडले. पण त्याने पेपर लपविला नाही, स्वतःहून पुढे केला. हे जमेला धरावे की खर्चाला, आम्हांला ठरवता येईना.

शनिवारी नळाला धार बारीक. हंडा भरेना. आम्ही गॅलरीत उभे राहून सगळ्यांदेखत वहिनींना बोललो, "नळाला मोटार लावता, म्हणून आमच्यापर्यंत पाणी येत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, दार लावून घेतले. संध्याकाळी कळले की रस्त्याखालचा पाईप फुटला होता. त्यांच्या घरात तर थेंबही आला नव्हता.

लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख या आठ लोकधर्मांवर आपण याच विहारात ऐकले आहे. त्या रात्री आमच्या ध्यानात आले की ते आम्ही आमच्यापुरतेच ऐकले होते. आमच्या वहीत आम्हांला काय मिळाले, आमचे काय गेले, एवढेच लिहिलेले. मंगळवारचा सिलिंडर आणि गुरुवारचा दाखला ज्या दारातून आले, त्याच दारावर शनिवारी निंदा आम्ही नेऊन टाकली. त्यांच्या आठवड्यातला खड्डा आमच्या हातचा होता, आणि तो आमच्या हिशेबात कुठेच नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. "चुकलं आमचं," म्हणालो. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांदेखत बोललात ना, त्याचं वाईट वाटलं." तेव्हा पुन्हा गॅलरीत येऊन, चार माणसे पाणी भरत असताना, आम्ही तेच शब्द मोठ्याने बोललो. सोपे नव्हते.

गॅस संपणार, गाडी खोळंबणार, मुलांचे गुण कमी-जास्त होणार. ते आपल्या हाती नाही. पण शेजाऱ्याच्या आठवड्यात आपण काय टाकले, हे आपल्याच हाती आहे. तेव्हा पुढच्या रविवारी कोणी "चाललंय" म्हणाले, तर जरा थांबून विचारू या, "खरंच का?"