धारावीचा डोंगर आणि चिमाजी अप्पा

मुंबईहून विरारकडे जाणारी आगगाडी भाईंदर स्टेशन सोडून खाडीच्या पुलावर आली, म्हणजे पश्चिमेस खाडीचें मुख रुंदावत जाऊन समुद्राला मिळतें. त्या मुखाच्या उत्तर तीरावर वसईचा जुना कोट आहे, आणि दक्षिण तीरावर ठेंगण्या डोंगरांची एक ओळ आहे. उत्तन, डोंगरी, चौक, पाली हीं तेथील गांवें आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतात. परंतु जुन्या कागदांत या मुलखाचें नांव धारावी बेट असें येतें. माहीमजवळची धारावी ती ही नव्हे. दोन शतकें पोर्तुगीजांच्या ताब्यांत राहिलेली वसई ज्या पुरुषानें सोडविली, त्याच्या चरित्राचा विचार करावयाचा तर तो या डोंगरापाशीं उभें राहूनच करणें सोयीचें आहे.

ज्याच्या हातीं फौज, त्याच्याविषयीं इतिहास नेहमी एकच प्रश्न विचारीत आला आहे: ही तरवार अखेर कोणासाठीं? चीनमध्यें तांग घराण्याच्या बादशहानें आन लुशान नांवाच्या सरदाराच्या हातीं सरहद्दीवरील तीन प्रांतांच्या फौजा सोंपविल्या. इ. स. ७५५ मध्यें त्याच फौजा घेऊन तो धन्यावर उलटला व स्वतःस बादशहा म्हणवूं लागला. इ. स. ७५७ मध्यें त्याच्याच मुलानें त्याला ठार करविलें. पण राज्याची घडी विस्कटली ती पुनः पूर्ववत् बसली नाहीं. मराठी राज्यही या व्याधीपासून मुक्त नव्हतें. सेनापति त्रिंबकराव दाभाडे निजामाशीं संधान बांधून पेशव्यावर उठला आणि १ एप्रिल १७३१ रोजीं डभईच्या रणांत पडला. अशा काळांत मोठी फौज व मोठें यश हातीं असूनही ज्याच्या मनास तो मोह शिवला नाहीं, त्याची गोष्ट म्हणूनच मोलाची आहे.

चिमाजी अप्पा हा बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचा धाकटा मुलगा. त्याचा जन्म इ. स. १७०७ च्या सुमाराचा. एप्रिल १७२० मध्यें वडील वारले व पेशवाईचीं वस्त्रें थोरला भाऊ बाजीराव यास मिळालीं. बाजीरावानें दूरदूरच्या स्वाऱ्या कराव्या आणि मागें सातारच्या दरबाराची मर्जी व पैशाची तजवीज चिमाजीनें सांभाळावी, अशी कामाची वांटणी झाली. परंतु चिमाजी केवळ कारभारी नव्हता. २९ नोव्हेंबर १७२८ रोजीं माळव्यांत अमझेरा येथें त्यानें मोंगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याची फौज मोडली; सुभेदार व त्याचा भाऊबंद दया बहादूर हे दोघेही त्या लढाईंत ठार झाले. विजयी सेनापतीचें वय त्या वेळीं अवघें एकवीस वर्षांच्या आसपास होतें. इ. स. १७३० मध्यें मुलगा सदाशिव जन्मला, आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई निवर्तली. एप्रिल १७३६ मध्यें रेवसजवळ जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याला त्यानें रणांत मारिलें. प्रकृति मात्र पहिल्यापासून नाजूक होती.

याच्या पुढच्याच वर्षीं वसईची मोहीम सुरू झाली. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहाकडून मिळालेला हा मुलूख पोर्तुगीजांनीं दोनशें वर्षें राखिला होता. धर्माच्या बाबतींत रयतेवर होणाऱ्या जुलुमाचीं गाऱ्हाणीं पुण्यास येत होतीं, आणि अणजूरच्या गंगाजी नाईकासारखे स्थानिक पुढारी वाट दाखविण्यास तयार होते. मार्च १७३७ मध्यें ठाण्याचा अपुरा बांधलेला कोट मराठ्यांनीं घेतला. त्याच वर्षीं घोडबंदरचा किल्लाही हातीं आला; तोही आज मिरा-भाईंदरच्याच हद्दींत आहे. वसईवर मात्र शिड्या लावून केलेले हल्ले फुकट गेले. मोकळ्या मैदानांत वाऱ्यासारखी धांवणारी मराठ्यांची घोडदळ खाडी, दलदल व दगडी तट यांच्यापुढें निरुपयोगी ठरली.

येथेंच चिमाजीचा खरा गुण दिसून येतो. वसईचा कोट तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेला. जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून. जोंवर समुद्राच्या मार्गानें गोव्याहून माणसें, दारूगोळा व धान्य येत होतें, तोंवर नुसत्या वेढ्यानें कांहींच होणार नव्हतें. पोर्तुगीजांच्या तोडीचें आरमार पेशव्याजवळ नव्हतें. तेव्हां जहाजांनीं जें साधलें नसतें, तें डोंगराकडून साधून घेणें प्राप्त झालें. धारावीच्या माथ्यावरील तोफा खाडीच्या मुखावर मारा करूं शकत. म्हणूनच हें ठाणें एकदां हातीं येऊन गेलें आणि पुनः त्यासाठीं रक्त सांडावें लागलें. इ. स. १७३८ च्या हिंवाळ्यांत चिमाजी मोठ्या तयारीनिशीं परत उतरला. जानेवारी १७३९ मध्यें माहीम व तारापूर पडलें. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा जिवलग सरदार कामास आला. फेब्रुवारींत वेसावें आलें, आणि मार्चच्या आरंभीं धारावी कायमची मराठ्यांकडे आली. एकेक दार असें बंद होत गेल्यावर वसई एकटी पडली.

याच वेळीं दुसरीकडे भयंकर संकट उभें राहिलें. इराणचा नादिरशहा दिल्लींत शिरला व २२ मार्च १७३९ रोजीं तेथें कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळला तर काय, या चिंतेनें बाजीराव अस्वस्थ होता, आणि मराठ्यांची निवडक फौज वसईच्या वाळूंत गुंतून पडली होती. वेढा उठवावा तर दोन वर्षांचे श्रम व हजारों माणसांचे प्राण व्यर्थ. न उठवावा तर उत्तर मोकळी. चिमाजीनें वेढा उठविला नाहीं. मे महिन्याच्या मध्यास तटाखालचे सुरुंग पेटविण्यांत आले. कांहीं सुरुंग उशिरानें उडाले व आंत घुसलेल्या मराठ्यांचाच त्यांत घात झाला. माझें मस्तक तरी तोफेनें कोटांत टाका, असें चिमाजी त्या वेळीं म्हणाल्याची आख्यायिका घरोघरीं प्रसिद्ध आहे. ती आख्यायिकाच खरी. परंतु तिच्यामागची निकड खोटी नव्हे. मराठ्यांचीं पांच हजारांहून अधिक माणसें मेलीं व जखमी झालीं, तर पोर्तुगीजांचीं आठशें, असा आंकडा ग्रँट डफनें दिला आहे. जयाचें मोल अशा भाषेंत वाचलें म्हणजे जयघोष आपोआप थोडा मंदावतो.

१६ मे १७३९ रोजीं तह झाला. इतकें रक्त सांडल्यावर विजेत्याच्या मनांत सुडाची भावना उसळणें अस्वाभाविक नव्हतें. पण तहाच्या अटी पाहिल्या तर कोटांतील शिपायांस हत्यारांसह सन्मानानें बाहेर पडण्याची मुभा मिळाली. रहिवाशांस मालमत्ता घेऊन जाण्यास मुदत मिळाली. आणि जे मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली. प्रार्थनामंदिरांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत गेल्या, हें खरें. पण उत्तन-डोंगरीच्या बाजूस ख्रिस्ती वस्ती व प्रार्थनामंदिरें आजही नांदत आहेत, हेंही तितकेंच खरें आहे.

म्हणून चिमाजी निर्दोष होता असें नव्हे. मस्तानीला कैदेंत ठेवण्याच्या कामांत पुतण्या नानासाहेबाबरोबर त्याचाही हात होता. ती गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं. त्याची खरी कसोटी मात्र पुढें लागली. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें बाजीराव वारला. वसईचा विजय ताजा होता, फौज चिमाजीला ओळखत होती, आणि पुतण्याचें वय पुरतें वीसही नव्हतें. तरीही चिमाजीनें पेशवाईसाठीं हात पुढें केला नाहीं. जूनमध्यें नानासाहेबास शाहू महाराजांकडून वस्त्रें मिळालीं, तेव्हां चुलता त्याच्या पाठीशीं उभा होता. त्यानंतर सहाच महिन्यांनीं, १७ डिसेंबर १७४० रोजीं, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या आसपास तो निवर्तला. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. पुण्यास ओंकारेश्वराजवळ त्याची समाधि आहे.

पुढची हकीगत विलक्षण आहे. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें, व त्याबरोबर साष्टीचा मुलूख गेला. मार्च १७७५ मध्यें सुरतेस एक तह झाला. पेशवाईची गादी आपणांस मिळवून द्यावी, एवढ्यासाठीं त्या तहांत साष्टी व वसई इंग्रजांस देण्याचें कबूल करण्यांत आलें. आणि तें कबूल करणारा रघुनाथराव हा चिमाजीचाच सख्खा पुतण्या होता. शौर्यानें तोही कमी नव्हता. अटकेपर्यंत गेलेल्या फौजांचा तो नायक. चुलत्यानें पांच हजार माणसांच्या बळीनें जें मिळविलें, तें पुतण्यानें एका गादीसाठीं कागदावर देऊन टाकिलें.

दोघांच्या कर्तबगारींत फारसें अंतर नव्हतें. अंतर होतें तें तरवार कोणाच्या नांवानें उपसावी, या एका निर्णयांत. सेनापतीचें मोठेपण त्यानें घेतलेल्या किल्ल्यांवरून मोजण्याची चाल आहे. किल्ले येतात आणि जातात. वसईही आली व गेली. हातीं सर्व कांहीं असतां त्यानें काय घेतलें नाहीं, हें माप मात्र काळाला पुसतां येत नाहीं.