झाडे लावण्याचा मुहूर्त



मुहूर्त हा शब्द आपण लग्नमुंजीसाठी राखून ठेवला आहे. पण झाड लावण्यालाही मुहूर्त लागतो, आणि अमेरिकेतील राज्यांनी तो चक्क कायद्याने ठरविला आहे. हा मुहूर्त पंचांग पाहून काढावा की जमीन पाहून, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील राज्य. नजर पोचेल तेथवर गवताचा माळ, झाडाचे नाव नाही. १८५४ साली स्टर्लिंग मॉर्टन हा तरुण तेथे येऊन राहिला व पुढे वर्तमानपत्राचा संपादक झाला. वारा अडविण्यास, जळणास, घराच्या लाकडास झाड हवे, हे तो वर्षानुवर्षे लिहीत राहिला. ४ जानेवारी १८७२ रोजी राज्याच्या कृषिमंडळापुढे त्याने वृक्षदिनाची सूचना मांडली आणि १० एप्रिल हा दिवस मुक्रर झाला. त्या एका दिवशी दहा लाखांवर झाडे लागली असे सांगतात. ती कोणी मोजली असतील, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

१८८५ साली नेब्रास्काने कायदा करून या दिवसाची सुट्टी दिली. तारीख मात्र २२ एप्रिल धरली. कारण काय? तर तो मॉर्टनसाहेबांचा जन्मदिवस! कॅलिफोर्नियाचा वृक्षसप्ताहही ७ मार्चला सुरू होतो, कारण त्या दिवशी १८४९ साली ल्यूथर बरबँक हा थोर फळझाडतज्ज्ञ जन्मला. दोन्ही ठिकाणी हवामानाला तारीख मानवली, हे त्या राज्यांचे सुदैव. मॉर्टन डिसेंबरात जन्मता, तर नेब्रास्काची मुले गोठलेल्या जमिनीत कुदळ मारीत बसली असती.

तिकडची पुष्कळ रोपे मातीच्या गोळ्याशिवाय, उघड्या मुळांनी लावतात. ती निद्रिस्त असताना, म्हणजे कळ्या फुटण्यापूर्वी, जमिनीत गेली तर मूळ आधी धरते व पाने मागून येतात. पण जमीन कुदळ घेईल इतकी मऊही हवी. या दोहोंच्या मधली फट कोठे जानेवारीत पडते, कोठे मे महिन्यात. म्हणून फ्लॉरिडा व लुइझियाना यांचा वृक्षदिन जानेवारीचा तिसरा शुक्रवार, जॉर्जियाचा फेब्रुवारीचा तिसरा शुक्रवार, आणि अलास्काचा मे महिन्याचा तिसरा सोमवार. १९७० साली अध्यक्ष निक्सन यांनी साऱ्या राष्ट्रासाठी एप्रिलचा शेवटचा शुक्रवार जाहीर केला. पुष्कळ राज्यांनी तोच धरला. खुद्द नेब्रास्कानेही १९८९ साली जन्मदिवस सोडून शुक्रवार पत्करला. ज्यांना तो सोसणारा नव्हता, त्यांनी आपला दिवस सोडला नाही. हा हट्ट आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

आता घरचे पाहू. १९५० साली केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि जुलैचा पहिला आठवडा देशभर रूढ झाला. कोकणाला हा आठवडा उत्तम. पण चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. जुलैत लावलेल्या रोपाने तेथे तीन महिने वाट पाहावी की काय? इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या माण, आटपाडी, जत या तालुक्यांत जुलैत ढग येतात नि पश्चिमेचा वारा ते पुढे नेतो. भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. तेथे जुलैत भाषण होते, खड्ड्यात रोप उभे राहते, फोटो निघतो, आणि मग रोपाच्या नशिबी घागरीचे पाणी. ती घागर कोणाच्या डोक्यावर येते हे या सभेतील स्त्रियांना सांगावयास नको.

तेव्हा मुंबईने किंवा दिल्लीने एकच आठवडा सर्वांना वाटून देण्याऐवजी प्रत्येक तालुक्याने आपल्या पावसाच्या नोंदी पाहून दिवस ठरवावा, असे आम्ही सुचवितो. त्याला आणखी एक तारीख जोडावी: मे महिन्याच्या अखेरची, मोजणीची. आदल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती झाडे जगली, तो आकडा नगरपालिकेच्या दारावर खडूने लिहावा. त्या सुमारास शाळांना सुट्टी असते, त्यामुळे मोजणीला मुले मिळणार नाहीत. तेव्हा हे काम आपल्यासारख्या, संध्याकाळी व्याख्यानाला येण्याइतकी सवड असलेल्या मंडळींनीच अंगावर घ्यावे लागेल.