'गझनफर'चा संपादक

(हुतात्मा दिनानिमित्त सोलापूर येथे झालेले भाषण)



१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी देण्यात आली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चार पुतळ्यांना दरवर्षी हार घातले जातात. परंतु विशीतला कुर्बान हुसेन हा तरुण पत्रकार होता, 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत होता, याचे स्मरण हुतात्म्याच्या तेजात झाकोळून जाते.

गझनफर म्हणजे सिंह. गिरण्यांच्या या शहरात कामगारांमध्ये वावरणाऱ्या तरुणाने पत्राला हे नाव द्यावे, यात त्याचा स्वभाव दिसतो. छोटे पत्र भांडवलावर नव्हे, वर्गणी, उधारीचा कागद आणि छापखानेवाल्याचा धीर यांवर तगते. सत्तेला हे अर्थशास्त्र पक्के ठाऊक असते. २७ एप्रिल १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून, १९२२ मध्ये रद्द झालेल्या १९१० च्या प्रेस कायद्यातील तरतुदी पुन्हा अमलात आणल्या. छापखान्यांकडून व प्रकाशकांकडून जामीनकी मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. श्रीमंत पत्राला ही रक्कम म्हणजे खर्चाची एक बाब. गरीब पत्राला मात्र टाळे लावण्याची पाळी. लेखावर बंदी न घालताही लेखक गप्प होतो, तो असा.

पुढच्याच महिन्यात, ५ मे रोजी, गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला. शंकर शिवदारे धारातीर्थी पडले. जमाव खवळला, पोलीस मारले गेले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही त्या काळात शिक्षा झाली. कुर्बान हुसेन यांच्यावर मात्र लेखनाचा नव्हे, पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवला गेला. त्यामुळे इतिहासात त्यांचा खटला उरला, लेखणी मागे पडली.

हा भेद महत्त्वाचा आहे. हुतात्म्याला वंदन करणे सोपे असते. त्यासाठी त्याचे म्हणणे वाचावे लागत नाही. पत्रकार मात्र वाचला गेला तरच जिवंत राहतो. धर्मावरून माणसाची निष्ठा मोजणाऱ्यांना कुर्बान हुसेन यांचा पुतळा चालतो, कारण पुतळा वाद घालीत नाही. कामगारांत काम करणारा मुसलमान संपादक काय लिहीत होता, हा प्रश्न त्यांना अडचणीचा ठरेल.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी यंदा हारांबरोबर आणखी एक काम अंगावर घ्यावे. शहरातील जुन्या पेठांत, वाचनालयांत, कामगारांच्या घरांतील ट्रंकांत 'गझनफर'चे अंक शोधावेत. एखादे पान हाती आले तरी ते उतरवून घ्यावे व पुढच्या १२ जानेवारीस चौकात मोठ्याने वाचावे. पत्रकाराला श्रद्धांजली वाहावयाची ती अशीच.