शून्य बाइट मागितले तर?

आजचा भाग सी भाषेवर आहे. घाबरू नका, कोड वाचून दाखवणार नाही. एक मोटार जळाली होती, तिची गोष्ट सांगतो.

मी धाराशिव जिल्ह्यातला, कळंब तालुक्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात नोकरी. आपल्याकडं बोअरला पाणी किती, यावर शेत चालतं. काकांच्या बोअरवर मी एक छोटं यंत्र बसवलं. दर सेकंदाला मोटारीचा करंट मोजायचा. बोअर आटला की करंट उतरतो, मग मोटार बंद करायची. लॅपटॉपवर महिनाभर चालवून बघितलं, एकदम ओके. शेतात बसवलं आणि बाराव्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "आरं, तुझी डबी झोपली व्हय रातच्याला? मोटार जळून गेली की!"

झालं काय होतं? सी मध्ये मॅलॉक मेमरी मागून घेतो, रिअॅलॉक तिचा आकार बदलतो, फ्री ती परत करतो. माझी नोंदींची यादी रिकामी झाली की मी रिअॅलॉकला शून्य आकार द्यायचो. वर कमेंटही मीच लिहिली होती: "शून्य दिलं की मेमरी मोकळी होते."

कमेंट खोटी नव्हती, अर्धवट होती. लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये जीलिबसी ही लायब्ररी होती. ती शून्यावर मेमरी सोडते आणि नल परत देते. यंत्रावर मसल नावाची छोटी लायब्ररी होती. ती नल देत नाही, एक छोटा तुकडा हातात ठेवते. तो मी कधी सोडलाच नाही. सेकंदाला एक तुकडा, दिवसाला ८६,४०० तुकडे. मेमरी संपली, प्रोग्रॅम मेला, रिले चालूच राहिला.

मग प्रमाण काय सांगतं? सी१७ मध्ये हे वागणं लायब्ररीवर सोडलं होतं आणि जुनाट ठरवलं होतं. २०२४ साली प्रकाशित झालेल्या सी२३ मध्ये तर ते थेट 'अनडिफाइन्ड', म्हणजे काहीही होऊ शकतं.

तेव्हापासून प्रत्येक फंक्शनवर मी तीन गोष्टी लिहितो. प्रमाण काय हमी देतं, ही लायब्ररी काय करते आणि माझा कोड कशावर विसंबून आहे. उदाहरणं बघा. फ्रीला नल दिलं तर काहीच होत नाही, ही प्रमाणाची हमी. मॅलॉकला शून्य दिलं तर नल येईल किंवा एक पॉइंटर येईल. तो फ्रीला देता येतो, पण त्यातून वाचायचं-लिहायचं नाही. रिअॅलॉकला मोठा आकार मागितला आणि मेमरी मिळाली नाही, तर नल येतं, पण जुनी मेमरी तशीच राहते. म्हणून उत्तर आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. त्याच पॉइंटरवर घेतलं, तर जुना पत्ता गेला.

माझी दुरुस्ती एका ओळीची होती: आकार शून्य असेल तर सरळ फ्री. शिवाय प्रोग्रॅम मेला तर रिले आपोआप बंद पडेल, अशी सोय केली. वाइंडिंगचे पैसे माझ्या पगारातून गेले.

काका आता विचारतात, "लिहून ठेवलंस का रं?" हो काका, ठेवलंय. यावेळी कुठल्या लायब्ररीवर खरं, तेही लिहिलंय.

तुमच्या कोडमध्ये असा एखादा शून्य सापडला तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!